पुरे म्हणणारा बोल्ट

हत्यारं माणसांदेखत बोलायची, त्या काळची गोष्ट. बाबल मेस्त्रींच्या कारखान्यात लाकूड तासायचं रंधा मशीन होतं. त्याचं धारदार पातं चार बोल्टांनी धरलेलं असायचं. एकदा चालू मशीनमध्ये ते सरकलं आणि मेस्त्रींचा अंगठा थोडक्यात वाचला. बोल्ट आवळणाऱ्या पान्याने त्याचा धसकाच घेतला.

नवं पातं बसवताना तीन बोल्ट आवळून झाल्यावर तो म्हणाला, "मेस्त्री, माझ्या दांड्यावर पाइप चढवा. जोर वाढेल."

मेस्त्रींनी पाइप चढवला. चौथा बोल्ट करकरला, "पुरे, दादा! मी घट्ट बसलोय. आता माझ्या अंगावरचे आटे ताणले जातायत."

"सबबी नकोत!" पाना खेकसला. "तू सुटलास तर पातं यांच्या छातीत घुसेल."

"मेस्त्री, तुम्ही तरी सांगा याला!"

मेस्त्रींनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि पाइपावर अंगाचा भार टाकला. बोल्ट ओरडला. पुन्हा ओरडला. मग एकदम गप्प झाला, आणि पाना लोण्यातून फिरावा तसा फिरला.

"आला की नाही वठणीवर?" पाना खूश झाला. मेस्त्रींचा हात बटणाकडे गेला.

"थांबा!" पातं किंचाळलं. "त्याने मला सोडलंय! पुरे पुरे म्हणत होता, तोवर धरून होता."

मेस्त्रींनी नुसत्या चिमटीने बोल्ट उचलला. तो अलगद वर आला. आट्यांचा चुरा पात्यावर सांडला.

मग मेस्त्रींनी पाइप काढून कोपऱ्यात ठेवला. नवा बोल्ट आवळता आवळता पाना मध्येच थांबला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने विचारलं, "पुरे?"