लोणारच्या जिवाणूंची सही

मृण्मयी सामंत परदेशातून शिकून संस्थेत रुजू झाली आणि तिने सहा प्रयोगशाळांची मंडळी जमवली. वीज कशी वाचवायची, हे सगळ्यांनी एकमेकांचं पाहून शिकायचं. नमुन्यांचे फ्रीझर उणे ऐंशीऐवजी उणे सत्तर अंशांवर ठेवले, तरी नमुने टिकतात आणि वीज बरीच वाचते, हे पाच जणांनी करून पाहिलं होतं. अडून बसले होते ते सहावे, विभागप्रमुख खानापूरकर. त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली नाही, तर सगळाच उपक्रम गुंडाळावा लागणार होता.

बैठकीत ते कडाडले, "अगं, माझे जिवाणू लोणारच्या सरोवरातले आहेत! वीस वर्षांची मेहनत आहे ती."

"बाकीच्यांचे टिकलेत, सर."

"बाकीच्यांचं मला सांगू नकोस. माझा एक जिवाणू सत्तरवर जगलेला दाखव, आत्ता सही करतो."

मृण्मयीने सहज विचारलं, "सर, उन्हाळ्यात तुमचा फ्रीझर बंद पडला, तेव्हा ते कुठे होते?"

"खालच्या प्रयोगशाळेत, या शहनाझच्या फ्रीझरमध्ये. दोन महिने! एकही दगावला नाही. असे चिवट आहेत माझे जिवाणू!"

"शहनाझताई, तुमचा फ्रीझर कितीवर असतो?"

"वर्षभर सत्तरवरच आहे की! दारावर आकडा दिसतो," शहनाझ म्हणाली. "सरांनी कधी बघितला नाही."

खानापूरकर चपापले. "म्हणजे माझे जिवाणू दोन महिने..."

"हो सर," मृण्मयीने कागद पुढे सरकवला. "त्यांची संमती केव्हाच मिळालीय. आता फक्त तुमची राहिलीय."