रेवणशेठनी गोदामासाठी सॉफ्टवेअर घेतलं त्याची गोष्ट

रेवणशेठ कोपार्ड्यांचा हिशेब म्हणायचा गोदामात समया आहेत, आणि गोदाम म्हणायचं नाहीत.

पेठेतल्या सगळ्यांत मोठ्या भांड्यांच्या दुकानाची ही तऱ्हा. पुढे मुनीमजी कॉम्प्युटरवर हिशेब ठेवायचे, मागे गोदामात लिंबाजी माल सांभाळायचा, आणि दोघांचा मेळ म्हणून बसायचा नाही. हिशेबात माल दिसतोय म्हणून शेठनी गिऱ्हाइकाला शब्द द्यावा, अन् लिंबाजीनं मोकळे हात हलवत बाहेर यावं! चार माणसांत नाक कापलं गेलं तसे शेठ भडकले. मुनीमजी म्हणाले, कॉम्प्युटर काही खोटं बोलत नाही. मग खोटं कोण बोलतं, ते त्यांनी तोंडानं सांगितलं नाही. नुसतं गोदामाच्या दाराकडे बघितलं.

लिंबाजी चोर ठरायला तेवढं पुरलं. तो बिचारा अबोल माणूस, मान खाली घालून उभा राहिला. पण त्याची बायको सुभद्रा काही अबोल नव्हती. ती दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायची. हात भांड्यावर आणि कान सगळ्या पेठेवर. तिनं नाव घालायचं मशीन खाली ठेवलं आणि सरळ आत आली.

"शेठ, तुमचं गोदाम आणि तुमचा हिशेब एकमेकांशी बोलतच नाहीत. त्याला माझ्या मालकांनी काय करावं?"

मुनीमजी हसले. म्हणाले, त्यासाठीच तर गोदामाचं सॉफ्टवेअर घ्यायचंय, उद्या तीन कंपन्यांची माणसं येतायत. बाईंना एवढं कळतं तर बाईंनाच निवडू द्या की.

शेठ हट्टाचे पक्के. त्यांनी मांडीवर थाप मारली. "ठरलं. तूच निवड. असं निवड, की गोदाम आणि हिशेब एका तोंडानं बोलतील आणि माझा चोर सापडेल. नाही जमलं तर लिंबाजीनं चोराचा शिक्का घेऊन घरी बसायचं."

दुसऱ्या दिवशी तिघं आले. पहिला टाय लावून आलेला. त्याचं सॉफ्टवेअर म्हणजे नुसती रांगोळी. पडद्यावर गोदाम गोल फिरत होतं, रंगीत चक्रं उमलत होती, काय काय होत होतं. शेठ वा वा करत राहिले. सुभद्रानं एवढंच विचारलं, की गोदामातून पातेलं बाहेर पडलं तर मुनीमजींच्या हिशेबाला ते कळतं कसं? टायवाला जरा घुटमळला. रोज संध्याकाळी इकडून एक फाईल काढायची, म्हणाला, आणि कोणीतरी ती तिकडे चढवायची.

"म्हणजे सासूसुनेचा अबोला, आणि निरोप न्यायला शेजारीण," सुभद्रा म्हणाली. "शेजारीण कधी निरोप जसाच्या तसा नेते का हो?"

पहिला गेला.

दुसऱ्याचं चांगलं होतं. इकडे पातेलं निघालं की तिकडे हिशेबात आपोआप कमी. वर मालकांसाठी खास सोय! मालकांनी काहीही उचलावं, यंत्र विचारणार नाही की लिहिणार नाही. शेठची कळी खुलली. त्या आनंदात त्यांना संध्याकाळचं लग्न आठवलं, आणि त्यांनी लिंबाजीला एक मोठी समई गाडीत ठेवायला सांगितली. मागे कधीतरी शेठनी असाच माल नेला, तेव्हा लिंबाजीनं हिशेबासाठी चिठ्ठी मागितली होती, आणि मालकाकडे चिठ्ठी मागतोस म्हणून बोलणी खाल्ली होती. त्यानं गुपचूप समई नेऊन ठेवली. यंत्रही गुपचूप राहिलं. मुनीमजींच्या हिशेबात समई होती तिथंच.

तिसरा साधा शर्ट घालून आलेला. त्याचंही सॉफ्टवेअर हिशेबाशी बोलायचं, पण कोणी नेलं आणि कशाला, हे सांगितल्याशिवाय त्यानं गोदामाच्या दारावर लावलेला लाल दिवा हिरवा होत नव्हता.

"आणि मालकांनी नेलं तर?" सुभद्रानं विचारलं.

"मालक असले तरी, बाई," तो म्हणून गेला. मग शेठचा चेहरा बघून चपापला, आणि हवं तर ते बंद करता येईल असं पुटपुटला.

"बंद करू नका. शेठ, हेच घ्या."

शेठ लालबुंद झाले. "माझ्या गोदामात मीच माझं नाव सांगू? आणि त्यानं चोर सापडेल?"

"चोर तर सापडलाय, शेठ."

मुनीमजींनी मोठ्या आशेनं लिंबाजीकडे बघितलं. सुभद्रानं पायरीवरचं गाठोडं आत आणून सोडलं. सकाळीच ती चार घरं हिंडून भांडी मागून आली होती. हंडा, समई, कढई, परात. ही सगळी याच गोदामातली, म्हणाली, आणि एकाचंही बिल फाटलेलं नाही.

"कोण तो चोर?" शेठ ओरडले.

"फार मोठ्या मनाचा चोर आहे, शेठ. नेलेल्या प्रत्येक भांड्यावर स्वतःचं नाव घालून घेतो. माझ्याचकडून! वाचून बघा."

शेठनी हंडा उजेडात धरला. 'रेवणशेठ कोपार्डे यांजकडून, चि. विश्वंभर याच्या विवाहानिमित्त सप्रेम भेट.' समई बारशाची, कढई डोहाळजेवणाची. परात मुनीमजींच्या वास्तुशांतीची निघाली. मुनीमजी छताचा पंखा बघू लागले.

"अगं, हा तर आहेर!" शेठ म्हणाले. "घरचा माल प्रेमानं दिला."

"आहेर तुम्ही दिलात, वाहवा तुमची झाली. नाव बुडालं ते लिंबाजीचं."

शेठनी एकदा हंड्याकडे बघितलं, एकदा परातीकडे, आणि मग असे हसत सुटले, की गादीवरचा लोड घरंगळला. हसता हसताच त्यांनी तिसऱ्याचं सॉफ्टवेअर घेतलं, लिंबाजीचा पगार वाढवला, आणि सुभद्राला बक्षीस म्हणून गोदामातलं सगळ्यांत मोठं पितळी घंगाळ काढायला सांगितलं. दारावर लाल दिवा लागला. शेठनी इकडे तिकडे बघितलं, घसा साफ केला, आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "लिहा. रेवणशेठनी नेलं, बक्षीस द्यायला."

दिवा हिरवा झाला. मुनीमजींच्या हिशेबात एक घंगाळ कमी झालं.

सुभद्रानं पायरीवर बसून मशीन हातात घेतलं. "नाव कोणाचं घालू, शेठ?"

"लिंबाजीचं घाल," शेठ डोळे पुसत म्हणाले. "माझं पुष्कळ घरांत झालंय."