न फोडता तपासलेला नारळ

नारळीपौर्णिमा उद्यावर आली आणि कातळबंदराच्या राज्यात न फुटलेला नारळ एकही नव्हता.

तिथल्या कातळावर माड रुजत नसत. नारळ यायचे खाडीपलीकडच्या राज्यातून. वीस वर्षांपूर्वी कुणा व्यापाऱ्याने नारळात मोती लपवून आणले, तेव्हापासून सावळोजीराजांचा हुकूम होता, की बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू जकातचौकीवर आतून तपासायची. उशा उसवल्या जात, अंडी फुटत आणि नारळ तर झाडून सगळे. चौकीवरचे शिपाई दोन्ही वेळा खोबरं खाऊन इतके सुटले होते, की चोर पकडायचा तर चोरालाच थांबावं लागे.

समुद्राला वाहायचा नारळ आजवर राजवाड्यातल्या एकुलत्या एका माडाचा असे. यंदा वादळात तो माड पडला. नारळ वाहिल्याशिवाय एकही नाव समुद्रात जाणार नव्हती. जकातदार केसोपंतांनी फुटका नारळ लाखेने जोडून पाहिला. तो राजांच्या अंगरख्यावर गळला.

राजांनी भागी तांडेलणीला बोलावलं. ती वीस वर्षं पलीकडून नावेने नारळ आणत होती.

"उद्या भरतीच्या आत मला नारळ हवा," राजे म्हणाले. "आतून तपासलेला आणि न फुटलेला. नाही आणलास तर तुझी नाव जप्त."

भागीजवळ त्या नावेशिवाय दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर सगळं गाव जमलं. पलीकडून भरून आणलेली नाव भागीने तिथेच लावली आणि शेंडीसकट एक नारळ पुढे केला.

"हा तपासलाय?"

"तपासलाय, महाराज."

"कुणी?"

"तुमच्याच चौकीने. वीस वर्षं माझे नारळ फोडताहेत. आत काय निघालं ते पंतांना विचारा."

केसोपंतांनी बराच विचार केला. "खोबरं," ते म्हणाले. "आणि पाणी. एकदा पाणी जरा कमी होतं."

"ते जुने नारळ झाले," राजे म्हणाले. "याच्या आत काय आहे, ते मला कसं कळणार?"

"महाराज, तुम्ही दरसाल समुद्राला नारळ देता. तो कधी फोडून बघतो?"

"तो कशाला फोडेल? माझा नारळ असतो."

"तुमचा असतो आणि आजवर त्यात कधी खोट निघाली नाही. तेवढ्यावर तो सगळ्या नावा पाठीवर घेतो. पण महाराजांची इच्छा असेल, तर आज मी त्याला सांगते, की बाबा, यंदापासून नारळ फोडून बघ आणि मग नावाही तपास, एकेक फळी उचकटून!"

कोळी मागच्या मागे चार पावलं सरले. त्यांतला एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "महाराज, तिला तेवढं बोलू देऊ नका."

राजे आधी गालात हसले, मग इतके हसले की मुकुट वाळूत पडला. तो तसाच ठेवून ते गुडघाभर पाण्यात गेले आणि भागीचा नारळ त्यांनी समुद्राला दिला. लाटेने तो काही न विचारता नेला.

"आजपासून भागीची नाव चौकीवर थांबायची नाही," राजे म्हणाले. "तिने सांगायचं, आपण लिहून घ्यायचं. मनात येईल तेव्हा एखादा नारळ मात्र मी फोडीन."

"फोडा की. फोडलेला तुम्हीच खा, म्हणजे झालं."

केसोपंतांनी हळूच विचारलं, की मग चौकीवरच्या माणसांनी आता करायचं काय?

राजांनी भागीच्या भरलेल्या नावेकडे बोट दाखवलं. "नारळ उचला. बाजार त्या चढावर आहे."