पाठमोरा राखणदार

टेका जरा, चढ दमवणारा आहे. फक्त त्या काळ्या धोंड्यावर बसू नका. बाकी सगळी टेकडी तुमचीच आहे.

तो धोंडा नीट बघा. खांदे पाडून बसलेल्या माणसासारखा दिसतो की नाही? आमच्या सावरदऱ्यात त्याला कुणी शेंदूर लावत नाही, नारळ फोडत नाही. त्याला फासतात ती चुलीतली राख. या टेकडीवरून सगळं गाव दिसतं, घर न् घर मोजून घ्यावं असं, आणि हा मात्र गावाकडे पाठ करून बसला आहे. ग्रामदेवता असती तर तोंड गावाकडे असतं. हा देव नाही. याला आम्ही पाठमोरा म्हणतो, आणि या टेकडीला धूरटेकडी. येणारे फोटो काढतात आणि विचारतात, की हा असा उलटा का? मग मला सांगावं लागतं. सांगायला मला आवडत नाही, पण न सांगता तुम्ही खाली उतरलात तर ते जास्त वाईट.

असं सांगतात, की इनामदारांच्या काळी इथे मोठा दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले, जनावरं विकली गेली, मग मेली. धडधाकट गडी काम शोधायला घाटाखाली गेले आणि बहुतेकांचा पत्ता लागला नाही. मागे राहिली म्हातारी, बायका आणि पोरं. तेव्हा राघोजीराव इनामदारांनी गढीच्या दारात अन्नछत्र घातलं. रोज दुपारी जोंधळ्याच्या कण्या आणि वाडगंभर आंबील. माणूस दुष्ट नव्हता, हे आधी सांगतो. दुष्ट असता तर गोष्ट सोपी झाली असती. त्याने आपलं धान्याचं पेव उघडलं, गावाने त्याला दुवा दिला.

पण दान देणाऱ्याला एक भुंगा लागतो. आपलं कुणी लुबाडत तर नाही ना? राघोजीरावांना जेवण जाईना. घरात मडकं भरून ठेवलेलं असेल आणि पोरगं इथे पंगतीला बसवलं असेल, तर? चोर खातील आणि उपाशी उपाशीच राहतील, असं ते म्हणायला लागले. उपाशी कोण, हे ओळखायचं कसं? मग त्यांना एक युक्ती सुचली. ज्याच्या घरी धूर, त्याच्या घरी दाणा. ज्याची चूल पेटली त्याच्या पोराला पंगतीत जागा नाही. गावालाही हे पटलं, म्हणे. हाच खरा घोटाळा आहे बघा. चूल पेटते ती फक्त शिजवायला, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं. बाळंतिणीला शेक लागतो, म्हाताऱ्याला ऊब लागते, हे ठाऊक असलेल्या बायका त्या गावात होत्या. पण भाकरी हातात असणाऱ्यापुढे तोंड कोण उघडणार?

धूर बघायला या टेकडीवर राखणदार बसवला. त्याचं नाव तुळाजी. आवाज असा, की इथून हाक मारली तर पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं उठावं. आणि इमानाला तर गावात तोड नव्हती. तुळाजी सकाळ-संध्याकाळ इथे बसे आणि छपरातून धूर निघाला की ओरडे, "अमक्याची चूल पेटली!" त्या दुपारी त्या घरच्या पोराला वाढप्या विचारी, "तू कोणाचा रे?" पोरगं बापाचं नाव सांगे आणि वाढप्या म्हणे, "ऊठ." बस्स. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. सगळं अगदी रीतसर.

चुली थंड पडल्या. बायकांनी निखारे राखेखाली जपून ठेवायचंही सोडलं, उगाच धूर दिसायचा. पौषाच्या थंडीत लोक पोरांना पोटाशी धरून बसून राहत, पण काडी पेटवत नसत. वरून गाव मेल्यासारखं दिसे, आणि गढीत म्हणत, आता कशी खरी गरीब माणसं कळली.

तुळाजीची धाकटी बहीण याच गावात दिली होती. ठकू तिचं नाव. तिचा नवरा घाटाखाली गेला तो गेलाच. घरात ती आणि तिची लेक, भागी. सात-आठ वर्षांची असेल. मामाची लाडकी. छत्रातून परतताना टेकडीखाली उभी राहून मामाला हाक मारायची आणि वरून मामा ओ द्यायचा, एवढाच त्या दिवसांतला दोघांचा खेळ.

त्या पौषात भागी तापाने फणफणली. छाती भरली, दात वाजायला लागले. ठकूने अंगावरचं लुगडं अर्धं फाडून तिला गुंडाळलं, तरी थरथर जाईना. शेवटी तिने ज्या पाळण्यात लेक वाढली तो पाळणा मोडला, चुलीत घातला आणि निर्गुडीचा पाला उकळत ठेवला, पोरीची छाती शेकायला. ओलसर पाला आणि जुनं लाकूड. धूर असा उठला, की आंधळ्यालाही दिसावा.

तुळाजीने तो पाहिला. असं सांगतात, की तो थांबला. छप्पर बहिणीचं आहे हे त्याला कळलं होतं. पण त्याच तोंडाने त्याने किती घरांची नावं घेतली होती! आज बहिणीचं नाव गिळलं तर ती सगळी पोरं आपण उगाच उठवली, असं होईल. आणि खरं सांगायचं तर त्याला रागही आला. ठकूकडे दाणा होता आणि तिने सख्ख्या भावाला कळू दिलं नाही? मी इथे आंबिलीवर दिवस काढतो आणि ही घरात शिजवून खाते? त्याने छाती भरून हाक दिली, "ठकूची चूल पेटली!"

दुपारी शेकाने पोरीला जरा बरं वाटलं होतं. ठकूने तिला हाताला धरून पंगतीला आणलं. पोरांच्या पंगतीत बायांना सोडत नसत, म्हणून ती बाहेर उभी राहिली. भागीने वाडगं पुढे केलं.

"तू कोणाची गं?"

"ठकूची."

"ऊठ."

भागी उठली. रडली नाही, म्हणतात. वाडगं पोटाशी धरून सगळ्या रांगेसमोरून चालत गेली. आणि पंगत जेवत राहिली. कुणी आपल्या वाडग्यातला घोट तिच्या वाडग्यात ओतला नाही, कारण ओतला तर उद्या आपल्याला उठवतील. ही पंगत कुणा परक्या मुलखातली नव्हती. आमच्याच आज्या-पणज्या, आमचेच पणजे त्या पंगतीत बसले होते. त्यांच्या पोटात गेलेल्या त्या आंबिलीवर आम्ही उभे आहोत. मला याचा फार संताप येतो. कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून तुमच्यासारख्यांपुढे बोलतो.

ठकू वाढप्याच्या पाया पडली. चूल शेकायला पेटवली, असं तिने सांगितलं. वाढप्या म्हणाला, "सगळ्या बाया ह्येच सांगत्यात." दुसऱ्या दिवशीही भागीला उठवलं, तिसऱ्या दिवशी ती उठून येण्यासारखी राहिली नव्हती. अमावस्येच्या आदल्या दिवशी पोर गेली. तुळाजीने टेकडीवरून बघितलं, भागी खाली हाक मारायला आली नाही. मग तो उतरला, बहिणीच्या दारात गेला. चुलीवर मडकं तसंच होतं. त्याने झाकण उचललं.

ठकू म्हणाली, "पाला हाय, दादा. खातूस?"

यापुढे भाऊ-बहीण काय बोलले ते कुणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ठकूने आपल्या चुलीतले निखारे खापरात घेतले. पुढे ती, मागे तुळाजी. घरोघर जाऊन ती म्हणे, "चूल पेटवा." बायका भ्यायल्या. "आमचं प्वार उठवतील की गं!" तेव्हा ती एवढंच म्हणे, "सगळ्यांची पेटल्यावर उठवतील कुनाला?" बायकांनी ऐकलं. ज्यांनी काल डोळे खाली घालून आंबील प्यायली होती त्यांनीच आधी ऐकलं. ज्याच्याकडे लाकूड नव्हतं त्याने छपरातला वासा काढला. प्रत्येक मडक्यात नुसतं पाणी आणि निर्गुडीचा पाला. सूर्य वर आला तेव्हा घर न् घर धुरात होतं, आणि इथे उभा राहून तुळाजी ओरडला, "गावाची चूल पेटली!"

इनामदार गढीच्या बुरुजावर आले. गाव म्हणत होतं, आता यांचे डोळे उघडतील. राघोजीरावांनी चौफेर धूर बघितला, हात जोडले आणि म्हणाले, "देवाची कृपा. सुकाळ आला. छत्र बंद करा."

हसू नका. ज्याला बघायचंच नसतं त्याला धुराचंही सुख होतं.

मग म्हणे चमत्कार झाला. तो सगळा धूर वर गेलाच नाही. जमिनीसरशी सरपटत निघाला आणि गढीत शिरला. दारं लावली तर फटींतून आला. गढीतल्या चुलीचा धूरही बाहेर जाईना. दूध धुरकटलं, भात धुरकटला, तान्ही पोरं खोकून निळी पडायला लागली. गढीत अन्न होतं आणि ते कुणाला खाववत नव्हतं. गाव उपाशी आणि गढीही उपाशी, अशी पहिल्यांदाच बरोबरी झाली. तुम्ही शिकलेली माणसं म्हणाल, थंडीत धूर खालीच बसतो आणि वारा त्या बाजूचा असेल. असेल बापडा. मला एवढंच कळतं, की मोठ्या माणसाच्या डोळ्यांत धूर गेल्याशिवाय त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी दिसत नाही.

राघोजीराव डोळे चोळत ठकूच्या दारात आले. म्हणाले, "बाई, काय पायजे ते माग." ती म्हणाली, "माझं मागायचं सरलं. पंगतीत बसल्याल्या पोराला 'तू कोणाचा' म्हनून इचारायचं न्हाई. बसलं की वाढायचं. चोराचं आसंल, सावाचं आसंल, भरल्या घरचं आसंल, तरी वाढायचं. शपथ घ्या." इनामदारांनी बेलभंडारा उचलला, मागोमाग गावानेही उचलला. त्या दुपारी पेव पुन्हा उघडलं आणि धूर सरळ वर गेला, असं सांगतात.

तुळाजीला लोकांनी पंगतीला बोलावलं. तो आला नाही. तो वर येऊन याच जागी बसला, आणि पहिल्यांदाच गावाकडे पाठ करून. पुन्हा कुणाच्या घरावर नजर ठेवायची नाही म्हणून. लोक भाकरी आणून ठेवत, ती पाखरं खात. पुढे पाऊस आला तेव्हा बघतात तर माणूस नव्हता, हा धोंडा होता.

तेव्हापासून पौष अमावस्येला उजाडायच्या आत गावातलं प्रत्येक घर चूल पेटवतं आणि तीवर नुसता पाला उकळतं. राख इथे आणून पाठमोऱ्याला फासतात. मग टेकडीखाली पोरांची पंगत बसते. वाटसरूचं पोर असो, ऊसतोडीवाल्यांचं असो, कुणी नाव विचारत नाही. चुकून कुणी विचारलं तर त्याने दिवसभर उपास करायचा. आता घरोघर गॅस आला, राख मिळेना, तर वीटभट्टीवरून पोतं आणतात. पुढारी येतात, अंगठ्या घातलेल्या हातांनी राख फासतात आणि भुकेवर भाषण करतात. त्याच पुढाऱ्यांच्या राज्यात घरात गॅस दिसला म्हणून दोन म्हाताऱ्यांचं रेशन बंद झालं. टाकी रिकामी आहे हे सांगायला त्या कुठे कुठे गेल्या. सगळ्या बाया हेच सांगतात, असं त्यांना कुणी म्हणालं की नाही, ते मला ठाऊक नाही.

ती खाली पत्र्याची लांब इमारत दिसते ना, ती आमची शाळा. दहावीपर्यंत आहे. दुपारची खिचडी आठवीपर्यंत. नववीत गेलं की पोराला भूक लागत नाही, असा वरचा हिशेब असावा. मी ग्रामसभेत विषय मांडला, की आपण गावाने भर घालू आणि दहावीपर्यंत सगळ्यांना वाढू. एक जण म्हणाला, "आबा, मग सगळीच येतील की!" मी म्हटलं, येऊ देत, पोरंच आहेत. सगळे हसले आणि विषय पुढच्या सभेवर गेला. अजून पुढेच जातो आहे.

वरच्या वस्तीवरची एक मुलगी आहे, अनुजा. आई पहाटे कामावर जाते, म्हणून ही सकाळी उपाशीच डोंगर उतरून येते. तिचा भाऊ तिसरीत. तो ताटात अर्धी खिचडी ठेवायचा आणि ही भिंतीआड उभी राहून ती खायची. मग नियम आला, ताट बाहेर न्यायचं नाही, पुढ्यातलं तिथेच संपवायचं. परवा ती भावाशेजारी पंगतीतच येऊन बसली. वाढणाऱ्या बाई तिच्यापर्यंत आल्या. बाई वाईट नाहीत हो. त्यांच्या इमानाला गावात तोड नाही.

आजही सावरदऱ्यात पंगतीत बसलेल्या पोराला "तू कोणाची" असं कुणी विचारत नाही. शपथ आहे, बाईंनाही ती ठाऊक आहे. त्यांनी तसं विचारलं नाही. हातातला खिचडीचा डाव तसाच धरून म्हणाल्या, "कितवीतली गं तू?"

"नववीतली."

"ऊठ."

अनुजा उठली. पंगत जेवत राहिली.