पायांतले कान

“...म्हणजे, महाराज, आता जिंकायला इंद्रिय उरलंच कुठलं?”

पद्मनाभाने विचारलं आणि उत्तर ऐकण्यासाठी उजव्या कानातला कापूस काढला. डावा तसाच ठेवला. एका कानावर भागत असताना दोन्ही उघडे टाकणं त्याला उधळपट्टी वाटे.

येसोबा महाराज ओसरीच्या खांबाशी उकिडवे बसून कोळ्याचं जाळं बघत होते.

फाटकात आंबेघळची जीप उभी होती. गावाने नवा मठ बांधला होता. त्या मठाला कोणी महाराज हवे होते आणि पद्मनाभाला मठ हवा होता. जीपच्या टपावर भला मोठा फलक बांधलेला: ‘जितेंद्रिय श्री पद्मनाभ महाराज यांचे सहर्ष स्वागत’. खाली त्याचा डोळे मिटलेला फोटो. हा मजकूर त्याने सांगितला नव्हता हो. फक्त तपासून दिला होता.

आता एकच गोष्ट बाकी होती. मठाच्या रीतीप्रमाणे गुरूने आपल्या खांद्यावरची घोंगडी शिष्याच्या खांद्यावर टाकायची, मगच त्याने दुसरीकडे जाऊन गादीवर बसायचं. घोंगडी अजून महाराजांच्या खांद्यावर होती आणि ती हलायचं काही चिन्ह दिसत नव्हतं.

“डोळे मिटून मी तासन् तास बसतो,” पद्मनाभ पुन्हा सुरू झाला. “कानांत कापूस. नाकाशी कापूर, दुसरा वास म्हणून नाही. गादी सोडली. जेवणात मीठ सोडलं.”

मीठ सोडलं होतं, हे खरं. साखर सोडल्याचं मात्र कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

“सगळ्या दारांना कुलपं घातलीत, महाराज.”

“दारं नीट बघून घातलीस ना?”

“म्हणजे?”

“रातकिड्याचे कान कुठे असतात?”

पद्मनाभ हसला. “डोक्याला. आणखी कुठे?”

“पुढच्या पायांत. गुडघ्याच्या जरा खाली.”

“गुडघ्यात अक्कल असते असं ऐकलं होतं, महाराज. पण कान...”

“दोन्ही शेजारी असलेलं बरं. हेलपाटा वाचतो.”

महाराजांना हा नाद एका प्राध्यापकाने लावला होता. किड्यांचा अभ्यास करायला तो एक पावसाळाभर मठात येऊन राहिला. देवाला त्याने कधी हात जोडले नाहीत, पण किड्यांपुढे दिवसभर लोटांगण घालून पडलेला असे. जाताना आपलं भिंग महाराजांना देऊन गेला. तेव्हापासून महाराज कुठेच वेळेवर पोचेनासे झाले. वाटेत मुंगी भेटली की खेळ खलास.

“माशीला चव पायांनी कळते,” महाराज म्हणाले. “काल तुझ्या शिऱ्यावर बसली होती ना, तिने तुझ्याआधी चाखला.”

पद्मनाभाला कालचा शिरा आठवला. त्याने घाईघाईने कापूर हुंगला.

“आणि हा बघ. याला डोळे आठ.”

“आठ!” पद्मनाभाला कोळ्याची कीव आली. दोन मिटून ठेवतानाच त्याची पुरेवाट झाली होती.

“पण दिसतं बेताचंच. सगळी खबर पायांना. तारांवर पाय टेकून कसा बसलाय बघ.”

महाराजांनी वाळल्या गवताची काडी जाळ्याला लावून थरथरवली. कोळी झपकन धावत आला, काडी चाचपली आणि तोंड फिरवून परत मधोमध जाऊन बसला.

इतक्यात आंबेघळचे दौलतअण्णा जीपपाशी ताटकळून आत आले. “महाराज, उन्हं कलायच्या आत निघाया पायजे. तिकडं ढोलवालं खोळंबल्यात.”

“निघा की,” महाराज म्हणाले. “पद्मनाभा, बस इथे. दोन्ही कानांत कापूस घाल, डोळ्यांवर उपरणं बांध. मी घोंगडी खांद्यावर टाकेपर्यंत उठू नकोस.”

एवढंच? पद्मनाभाला आनंद लपवता येईना. तो ओसरीवर मांडी घालून बसला.

उजेड गेला. आवाज गेला. कापराखेरीज वास गेला. तो मनाने आंबेघळला पोचलासुद्धा. ढोल वाजत होते, बायका ओवाळत होत्या, गादी अगदी हातभर अंतरावर होती...

पुढचं नीट कळायला या मठाची एक रीत ठाऊक हवी. मठाचे मूळपुरुष ठार बहिरे होते. जेवणाची घंटा त्यांना ऐकू येत नसे, म्हणून जमिनीवर मुसळ आपटून वर्दी द्यायची पद्धत पडली. जमीन सागवानी फळ्यांची, ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत सलग. मुसळ आपटलं की तो हादरा मठात बसलेल्या प्रत्येकाच्या बुडाला लागे. आणि जो पंगतीला शेवटी पोचेल, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशीचं मुसळ. त्याने वर्दी द्यायची, सगळ्यांना वाढायचं आणि मागाहून उरलंसुरलं जेवायचं. मुंग्यांच्या कृपेने हे काम बहुतेक महाराजांकडेच असे.

तर झालं ते असं. डोळ्यांवर उपरणं, कानांत कापूस, अशा थाटात पद्मनाभ उठला. खांबाला वळसा घालून, माजघराचा उंबरा न अडखळता ओलांडून तो पंगतीच्या जागी पोचला आणि खिडकीजवळच्या बरोब्बर आपल्याच पाटावर बसला.

क्षण गेला... दोन गेले. त्याने उपरणं वर केलं, उजव्या कानातला कापूस सैल केला.

समोर महाराज उभे होते. हातात मुसळ. त्यांच्यामागे दौलतअण्णा, तोंडाचा आ वासून.

“पान... मांडलं नाही?” पद्मनाभाने विचारलं.

“जेवून तुझे हात वाळले नाहीत अजून.”

पद्मनाभाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “लक्ष नव्हतं, महाराज! एकदा चूक कोणाचीही होते. पुन्हा बसवा.”

“बस की. इथेच बस.”

त्याने उपरणं करकचून आवळलं. कापूस बोटाने आत दाबला. आता आभाळ कोसळलं तरी हलायचं नाही. दात आवळले, पाय मांडीखाली घट्ट दाबून धरले.

धप्प.

पाय हलले नाहीत. पद्मनाभाला वाटलं, जिंकलो!

मग कोणीतरी त्याचं उपरणं सोडलं, उजव्या कानातला कापूस सैल केला. दौलतअण्णा तोंडावर पंचा धरून उभे होते आणि त्यांचे खांदे गदगदत होते. ते कशाकडे बघताहेत म्हणून पद्मनाभाने खाली पाहिलं. त्याच्या उजव्या हाताची पळी झाली होती आणि तो हात समोरच्या रिकाम्या फळीवर, नसलेल्या पानाभोवती, नसलेलं पाणी फिरवत होता.

चित्राहुतीही घालून झाली असावी.

महाराज त्याला दंडाला धरून पुन्हा खांबापाशी घेऊन आले. तीच काडी उचलली, जाळ्याला लावली, थरथरवली.

कोळ्याने एक पाय उचलला. तार हलकेच चाचपली... आणि पाय खाली ठेवला. तो जागचा हलला नाही.

पद्मनाभ बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “म्हणजे खरा जितेंद्रिय हा.”

“छे रे. भुकेला आहे तो. फक्त त्याला ते ठाऊक आहे.”

फाटकात जीपच्या ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला आणि गप्प झाला.

पद्मनाभाला रडू येईल असं वाटलं होतं. आलं ते हसू. आधी नाकातून आलं, कापूर उडाला. मग पोटातून आलं. त्याने दोन्ही कानांतला कापूस काढून अंगणात भिरकावला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही कानांनी मठ ऐकला. कुठेतरी सरपणात भरदिवसा एक रातकिडा ओरडत होता.

“महाराज,” तो म्हणाला, “घोंगडी राहू दे. आंबेघळला कळवतो, दुसरा कोणी बघा म्हणून. मला उद्याचं मुसळ द्या. मी ते कधी हातात धरलेलंच नाही.”

“ठाऊक आहे.”

महाराजांनी मुसळ त्याच्या हातात दिलं. ते वाटलं होतं त्याहून जड होतं. तो ते सावरतोय तोच त्याच्या खांद्यावर काहीतरी खरखरीत आणि उबदार येऊन पडलं.

पद्मनाभाने घोंगडीला हात लावून पाहिला. वाकून पायांवर डोकं ठेवायचं म्हटलं, तर मुसळ आडवं येत होतं.

“चला, चला, मुसळासकट बसा जीपमधी, ढोलवालं वाट बघत्यात,” म्हणत दौलतअण्णा जीपकडे धावले आणि टपाकडे बघून अर्ध्या वाटेत थबकले.

“आन् ह्या फलकाचं काय करू, महाराज? ह्यावर तर जितेंद्रिय लिवलंय.”

महाराज पुन्हा जाळ्याशी उकिडवे बसले होते. भिंग डोळ्याला लावलेलं तसंच ठेवून ते म्हणाले,

“तिकडच्या पंगतीत खाली अंथरा. पालथा नको, उताणा... कोण भुकेलं उठलं, ते फोटोतल्या याला मिटल्या डोळ्यांनीही खालून कळेल.”