टाकी भरेपर्यंत

शिरोलीचे मगदूम मालक टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा डबा बाजारात आणणार होते. त्यांची इंजिनिअर शबाना मुल्लाणी हिने वर्षभर खपून आठ रुपयांच्या चिपवर तो चालवून दाखवला. तेवढ्यात पुण्याचे सल्लागार भडकमकर अवतरले, अत्तरासकट.

"बाई, ही चिप की चिंचोका? माझी दीडशेची घ्या. सेकंदाला कोटभर हिशेब करते!"

मालकांनी मान डोलावली. शबानाचं काम भंगारात निघालं.

"सर, टाकी भरायला तास लागतो," ती म्हणाली. "पाणी कुठवर आलं हे बघायला तुमच्या चिपला क्षण पुरे. उरलेला तास ती काय करते?"

"काय करणार? वाट बघते!"

"मग वाट तर माझी आठ रुपयांत बघतीय की!"

मालकांनी दीडशेची चिप उचलून अलगद सरांच्या खिशात घातली.