आतून घासलेले पातेले

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे एक शिष्य शिकत होता. वय एकोणीस, हात हलका, स्मरण उत्तम. पण रुग्णाची नाडी पाहताना तो मान वर करीत नसे. त्याच्या गालांवर आणि कपाळावर मुरमे दाटली होती. काही लाल, काही पिकलेली. हनुवटीखालची दोन तर गाठीसारखी टणक आणि दुखरी.

वैद्यांचा रिवाज असा की, शिक्षण पुरे झालेल्या शिष्याला गुढीपाडव्याच्या दिवशी ओसरीवर आपल्या शेजारचा पाट द्यायचा. त्या दिवसापासून निम्मे रुग्ण शिष्याने पाहायचे. यंदाचा पाट या शिष्याचा होता, आणि नेमका तोच त्याला नकोसा झाला होता. दिवाळीच्या सुमारास एक व्यापारी खरजेचे औषध न्यायला आला. शिष्याच्या हातून पुडी घेता घेता त्याने त्याच्याकडे निरखून पाहिले आणि हसत म्हटले, "औषध चांगलं आहे ना? मग आधी तुम्हीच लावा की." ओसरीवरचे चार जण हसले. व्यापारी काही वाईट मनुष्य नव्हता. बोलला आणि विसरला. शिष्य विसरला नाही.

त्या दिवसापासून तो चेहऱ्याच्या मागेच लागला. पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी डाळीच्या जाडसर पिठाने तोंड खसाखसा घासायचे. सोमवारी एक लेप, गुरुवारी दुसरा. जो अधिक झोंबेल तो अधिक गुणकारी, अशी त्याची समजूत. जे पिकेल ते नखाने फोडायचे. चेहरा आणखी लाल झाला. मग त्याने तोंडाभोवती उपरणे गुंडाळायला सुरुवात केली आणि एके दिवशी गुरूंना सांगितले, की पाट दुसऱ्या कुणाला द्यावा. आपण गावी जाऊन भावाच्या दुकानात बसू. ज्याला स्वतःचे तोंड बरे करता येत नाही, त्याच्याकडून औषध कोण घेणार?

वैद्यांनी ऐकून घेतले. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि फडताळातून तांब्याचे एक पातेले घेऊन आले. ते त्यांच्या पत्नीचे होते. त्या जाऊन सहा वर्षे झाली होती, आणि तेव्हापासून ते पातेले कुणी वापरले नव्हते. आतली कल्हई अजून चांदीसारखी पांढरी होती.

"हे आतून घासायचं," वैद्य म्हणाले. "चिंच आणि राख लावून, दिवसातून तीनदा. मी थांब म्हणेपर्यंत."

शिष्य चकित झाला. चिंच लावून घासायची ती तांब्याची बाहेरची बाजू. आतल्या कल्हईवरून नुसता हात फिरवून पाणी ओतायचे, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण आज्ञा गुरूंची होती. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या द्वारकाबाईंना मात्र ते पाहवेना.

"अरे, भांडं घासतोस की सोलतोस?" त्या दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या. "ते म्हातारपणी काही सांगतील आणि तू ऐकशील."

"मलाही कळत नाही, मावशी," शिष्य म्हणाला आणि घासत राहिला.

नवव्या दिवशी पांढऱ्या थराखालून तांबडा धातू डोकावू लागला. वैद्यांनी द्वारकाबाईंना त्यात ताक ओतून ठेवायला सांगितले. संध्याकाळी झाकण काढले, तर ताक हिरवट झालेले, पुरते कळकलेले. वास येताच शिष्याने तोंड फिरवले.

"दोष कुणाचा? ताकाचा?" वैद्यांनी विचारले.

"नाही गुरुजी. कल्हई मी घालवली."

"आत घाण होती का?"

"नव्हती."

"मग नऊ दिवस काय काढत होतास?"

शिष्याचा हात नकळत उपरण्याकडे गेला.

वैद्य शांतपणे म्हणाले, "तुझा चेहरा मळलेला नाही. या वयात त्वचेतल्या बारीक ग्रंथींना तेल अधिक सुटतं. ते बाहेर यायची छिद्रं आतूनच बुजतात, तेल मागे साचतं आणि तिथं सूज येते. यात तुझं पाप नाही, आळस नाही. वरून घासून आतली वाट मोकळी होत नाही, कल्हई तेवढी जाते. आता दोन वेळा कोमट पाण्यानं धुवायचं आणि पंच्यानं टिपायचं. लावायचं औषध एकच, पातळ थरानं, आणि रोज तेच. सुरुवातीला त्वचा कोरडी पडेल, मुरमं वाढल्यासारखीही वाटतील. घाबरून औषध बदलायचं नाही. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. हनुवटीखालच्या गाठींना वरचा लेप पुरणार नाही, त्यांच्यासाठी पोटात घ्यायचं औषध मी देईन. नख मात्र लावायचं नाही. मुरूम जातं, नखाचा वण राहतो."

कितीतरी दिवसांनी शिष्याला मोकळा श्वास घेतल्यासारखे वाटले. मग त्याने विचारले, "हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?"

"तू मान डोलावली असतीस, आणि संध्याकाळी पुन्हा पीठ घेऊन बसला असतास."

"पण पातेलं गुरुमाईंचं होतं."

वैद्यांनी पातेले हातात घेतले, क्षणभर आत पाहिले. "उद्या कल्हईवाला येईल. तापवेल, नवसागर टाकेल, कथील फिरवेल. होईल नीट. सहा वर्षं ते नुसतं फडताळात होतं, आज कुणाच्या कामी आलं."

पाडव्याला शिष्य पाटावर बसला, उपरणे खांद्यावर टाकून. चेहरा अगदी नितळ झाला नव्हता. गाठी बसल्या होत्या, लाली उतरली होती. कपाळावर दोन नवी मुरमे होती आणि गालावर नखांचे काही वण.

पहिली आली ती एक बाई आणि तिची सोळा वर्षांची मुलगी. मुलीने ओढणी नाकापर्यंत ओढली होती. बाई सांगत होती, की हिला हजारदा बजावले तरी ही तोंड नीट धूत नाही.

शिष्याने मान वर केली. मुलीने आधी त्याच्या कपाळाकडे पाहिले, मग गालाकडे.

"ताई, तिचं तोंड मळलेलं नाही," तो बाईंना म्हणाला. "माझंही नव्हतं."

मुलीने ओढणी सोडली. शेजारच्या पाटावर वैद्य दुसऱ्या रुग्णाची नाडी पाहत होते. त्यांनी वळून पाहिले नाही. थोड्या वेळाने द्वारकाबाईंनी सर्वांसाठी त्याच पातेल्यातून ताक आणले. ते पांढरेशुभ्र होते.